नागपूर ते चिखलदरा : कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर आणि ट्रेकरांचा निवारा

नागपूरहून चिखलदऱ्याला जाणारे बहुतेक जण कोंढाळी, तळेगाव, अमरावती, परतवाडा असे जातात. अंतर साधारण २३० किलोमीटर. आम्हीही हाच रस्ता धरला, पण पॉइंट बघायला नाही, घरं बघायला. पठाराच्या काठावर, गावाच्या जमिनीत, आठ ट्रेकर झोपतील असा निवारा तिथल्याच मालातून कसा बांधावा, हे ठरवायचं होतं. गाविलगड किल्ल्याच्या आत नव्हे. तो संरक्षित स्मारक आहे आणि भोवतालचं जंगल व्याघ्र प्रकल्पाचं, तेव्हा तिथे खुंटी ठोकायचाही विचार नको.

वाटेत बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंना काळी कापसाची जमीन. भिंतीसाठी ही माती बाद. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून तर जुन्या गावांची घरं पांढरीच्या, म्हणजे गावठाणातल्या पांढुरक्या मातीची. शेतातले गुरांचे गोठे मात्र तुराट्यांच्या कुडाचे, म्हणजे काड्या विणून केलेल्या भिंतींचे दिसतात, वर नुसता शेणमातीचा लेप. दोन-तीन वर्षांत कुड उतरवायचा, नवा लावायचा. हे तात्पुरतं काम वाटतं खरं, पण निवाऱ्यासाठी हाच हिशेब आम्हाला पटला. त्याचं कारण वर गेल्यावर कळतं.

परतवाडा सोडलं की घाट लागतो, माती तांबूस होते आणि वितीभर खणलं की मुरूम. चिखलदरा जवळपास १,११८ मीटरवर आहे. पाऊस वाऱ्यासोबत नैऋत्येकडून तिरपा येतो आणि नंतर कित्येक दिवस धुकं हटत नाही. भिजण्यापेक्षा हे न वाळणंच घराला जास्त मारतं. तरी कोरकू गावांतली कुडाची, शेणामातीने सारवलेली घरं उभी राहतात. कारण आत रोज चूल पेटते. धूर गवतात आणि बांबूत मुरतो, ओल काढतो, किडे पळवतो, आणि सणावाराला घरची बाई भिंत सारवते. निवारा आठवड्यातले पाच दिवस रिकामा राहणार. हुबेहूब तसंच घर बांधलं आणि कुलूप लावलं, तर दुसऱ्या पावसाळ्यात छपराला बुरशी येते आणि बांबूतून पिवळा भुसा गळायला लागतो. आराखडा या रिकामेपणातून सुरू करायला हवा.

आम्ही काढलेलं माप १२ बाय १६ फूट. लांबीच्या एका भिंतीला साडेसहा फूट खोल झोपायचा माचा, माणशी दोन फूट, म्हणजे बरोबर आठ जण. जोतं काळ्या दगडाचं, पावणेदोन फूट उंच, पाया मुरमापर्यंत. खांबांना सागाच्या नऊ बल्ल्या, तीन रांगांत. बल्ली जमिनीत गाडायची नाही. माती आणि हवा जिथे भेटतात तिथेच ती कुजते, आणि उधई (वाळवी) तिथूनच चढते. दगडात १२ मिलिमीटरची सळई फूटभर बसवायची, फूटभर वर ठेवायची आणि बल्ली तिच्यावर खोचून आडवा बोल्ट मारायचा. बोल्ट विसरला तर हलकं छप्पर वाऱ्याने खांबांसकट उचललं जातं. चारही कोपऱ्यांत तिरके आधारही लागतात. आम्ही पाहिलेल्या बऱ्याच हौशी ‘इको’ झोपड्यांत नेमके हेच नसतात.

छप्पर गवताचं की कवेलूचं, म्हणजे कौलांचं? कवेलू टिकतात, पण चिखलदऱ्याला वानरं आहेत आणि रिकाम्या छपरावर ती मनसोक्त नाचतात. एक कवेलू फुटला की खालचा वासा भिजत राहतो, बघायला कोणी नसतं. म्हणून गवत. उतार ४५ अंशांचा, त्याहून कमी नको, नाहीतर पाणी रेंगाळून आत मुरतं. थर किमान आठ इंच. वळचण अडीच फूट बाहेर. वासा बारा फुटांचा येतो, सव्वा फुटावर एक धरला तर दोन्ही बाजूंचे मिळून ३४. वळचण जोत्यापासून जेमतेम चार फुटांवर येते आणि उंच माणसाला वाकून आत जावं लागतं. लागू दे. वर उचलली तर तिरपा पाऊस थेट भिंतीवर येतो.

बांबू मानवेल जातीचा घ्यावा, तो जवळजवळ भरीव असतो. कटांग जात जाड पण पोकळ, काटेरी, बांधायला त्रासाचा. वासे, कांबट्या, माचा, कुड मिळून सव्वाशे नग धरा. तीन वर्षांच्या वरचाच, आणि दिवाळी ते माघ या काळात तोडलेला हवा. पावसाळ्यातल्या बांबूत साखर-पिष्ट जास्त असतं, भुंगा त्यासाठीच येतो. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर ग्रामसभेकडूनच घ्या, वाहतुकीचे कागद सरळ होतात.

चुलीच्या धुराची जागा थोडीफार टाकणखार (बोरॅक्स) भरून काढतो. १०० लिटर पाण्यात ३ किलो टाकणखार, २ किलो बोरिक पावडर. सळईने पेरांचे पडदे आरपार फोडायचे आणि ताडपत्री घातलेल्या खड्ड्यात बांबू आठ-दहा दिवस दगडांनी दाबून ठेवायचे. सगळा लॉट एकदम बुडवायचा तर दोनेक हजार लिटर द्रावण, म्हणजे शंभर किलो माल लागतो. तो नागपूरहूनच न्यावा. दोन-तीन खेपांत बुडवला तर पुष्कळ वाचतो. हे मीठ पावसाने धुऊन जातं, म्हणून उघड्यावरच्या बांबूला त्याचा उपयोग नाही. पुन्हा वळचणीवरच येऊन थांबतो. हे काम नीट शिकायचं असेल तर पुढे मेळघाटातच लवादा इथे संपूर्ण बांबू केंद्र आहे.

खिळा मारू नका, बांबू चिरतो. मोठ्या सांध्यांना भोक पाडून १० मिलिमीटरचा बोल्ट, बाकीच्यांना भिजवलेली अंबाडीची दोरी.

नैऋत्येची भिंत दगडाची, बाकी तीन कुडाच्या. माती आधी बाटलीत तपासा: तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, हलवून रात्रभर ठेवायची. तळाशी रेती दोन-तृतीयांश आणि वर चिकणमाती पाव हिस्स्याच्या आत असली तर चालेल. चिकण जास्त निघाली तर बारीक मुरूम मिसळा. चार घमेली चाळलेली माती, एक घमेलं शेण, मूठ-दोन मुठी बोटभर कापलेलं भाताचं तणीस, हे तुडवून आठवडाभर कुजू द्यायचं. पहिला हात इंचभर. त्याला तडे जाऊ द्यायचे, मग पातळ दुसरा. मे महिन्यात लिंपू नये, वरचा थर झटक्यात वाळून पापुद्रे सुटतात.

राहिली चूल. ती आम्ही माच्यासमोरच्या मोकळ्या पट्टीत एका टोकाला धरली आहे, मधली भिंत आढ्यापर्यंत न नेता पाटापाशीच (वासे टेकतात त्या आडव्या लाकडापाशी) थांबवून, म्हणजे धूर सगळ्या छपराखालून फिरेल. चुलीमागे दगड, वर मातीने लिंपलेली बांबूची तट्टी आणि दाराशी पाण्याचा पिंप, एवढं नसेल तर गवताखाली चूल पेटवूच नये. रिकाम्या दिवसांत ती पेटवायला गावातलं एक कुटुंब लागतं. त्यांचं मानधन, दर दोन वर्षांची शाकारणी आणि दिवाळीनंतरचं सारवण मुक्कामाच्या दरात आधीच धरायचं. ग्रामसभेत बोलताना खर्चाचा हा आकडा बांधकामाच्या आधी मांडा. तो मान्य झाला तरच बांबू तोडायला सांगा.