कुत्र्याचा खाऊ घरी करावा, सामान मात्र पारखून घ्यावे

कुत्रा पाळणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून दोन प्रश्न हमखास येतात : खाऊ कोणता द्यावा आणि सामान काय घ्यावे. आमच्याकडे बिजली नावाची कारवानी या शिकारी जातीची कुत्री आहे. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते लातूरच्या उन्हात, रोज भाकरी होणाऱ्या घरात आणि सडपातळ चणीच्या कुत्रीच्या बाबतीत पारखून घेतलेले आहे. माझे मत असे, की खाऊवर वेगळा खर्च करण्याची फारशी गरज नसते. तो पैसा गळ्यातला पट्टा, हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा) आणि गोचिडांचा बंदोबस्त यांवर लावावा. दुकानात गेल्यावर बहुधा याच्या उलट घडते, कारण रंगीत पुडा लगेच हातात येतो आणि पट्ट्याचे माप घ्यायला कुणाला सवड नसते.

खाऊ हा शिकवणीचा मोबदला असतो. हाक मारल्यावर परत आली, नखे कापताना पाय ओढला नाही, दारावर अनोळखी माणूस आला तरी जागेवर बसून राहिली, की त्याच क्षणी एक तुकडा हातावर ठेवायचा. तुकड्याच्या आकाराशी कुत्र्याला काही देणेघेणे नसते. त्याला वास हवा असतो. म्हणून घरच्या खाऊत कोंबडीची कलेजी घालावी, थोडीशी का होईना.

आमच्याकडचे प्रमाण असे आहे : ज्वारीचे पीठ २५० ग्रॅम, कलेजी १५० ग्रॅम, एक अंडे आणि उकडून कुस्करलेला लाल भोपळा अर्धी वाटी. मीठ, गूळ, साखर, हळद, मसाला यांपैकी काहीही घालायचे नाही. कलेजी थोड्या पाण्यात पूर्ण शिजवून मिक्सरमधून काढावी आणि ते पाणी फेकू नये. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसल्यामुळे साध्या पाण्यात मळलेले पीठ कापताना फुटते. त्यासाठी भाकरीला काढतो तशी उकड काढावी लागते, आणि ती कलेजीच्या उकळत्या पाण्यातच काढली म्हणजे वासही मुरतो. उकड कोमट झाली की कलेजी, भोपळा आणि अंडे घालून मळावे. उकड गरम असताना अंडे घातले, तर ते जागच्या जागी शिजते आणि गोळा पुन्हा भुसभुशीत होतो. मग प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटून शंकरपाळ्यांपेक्षा लहान तुकडे पाडावेत आणि ओव्हनमध्ये १६० अंशांवर पाऊण तासापर्यंत भाजून, ओव्हन बंद केल्यावर आतच थंड होऊ द्यावेत. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून अगदी मंद आचेवर उलटसुलट भाजले तरी चालते. वेळ जास्त लागतो एवढेच. तुकडा मोडल्यावर कट्‌ असा आवाज यावा. आत ओलावा लागला तर तो परत तव्यावर जाईल.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे असे सगळे वाळते, म्हणून कलेजीही उन्हात वाळवावी असे काहींना सुचते. ते करू नये. कच्चे मांस नुसत्या उन्हाने निर्धोक होत नाही आणि माश्या बसतात त्या वेगळ्याच. हे भाजलेले तुकडेसुद्धा फ्रिजमध्ये आठवडाभर आणि फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने ठेवावेत. बाहेर डब्यात ठेवायचे असतील तर कलेजी वगळून नुसता ज्वारी-भोपळ्याचा घाणा काढावा. पावसाळ्यात तोही थोडाथोडाच करावा, कारण बुरशीचा पहिला ठिपका डोळ्यांना दिसेपर्यंत ती आत पसरलेली असते. शेंगदाण्याच्या कुटाचेही तेच. जुन्या, खवट किंवा बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि कुत्र्याच्या यकृताला ते फार लवकर बाधते. त्यामुळे आपण निवडून बाजूला काढलेले किडके दाणे कुत्र्याच्या वाटीत जाता कामा नयेत.

महाशिवरात्रीच्या आणि आषाढी एकादशीच्या सुमारास बाजारात रताळी भरपूर येतात. त्यांच्या चकत्या उकडून मंद आचेवर कडक होईतो वाळवल्या की चघळायला उत्तम खाऊ होतो, आणि यापेक्षा त्यात सांगण्यासारखे काही नाही.

खाऊ किती द्यावा याचा हिशेब मात्र ठेवावा. दिवसभराच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून जास्त वाटा खाऊचा नसावा, असा सर्वसाधारण नियम आहे. पंचवीस किलो वजनाच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १२०० कॅलरी लागतात असे धरले, तर खाऊच्या वाट्याला १२० येतात. वरच्या प्रमाणातून दीडशेच्या आसपास तुकडे निघतात आणि एकेक तुकडा सात-आठ कॅलरींचा पडतो, म्हणजे दिवसाला पंधरा तुकड्यांवर थांबायचे. कारवानी पाळणाऱ्यांनी इथे विशेष मन घट्ट करावे. या जातीच्या बरगड्या निरोगी अवस्थेतही थोड्या दिसतात आणि येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा ‘पोटाला घालत नाही का हो?’ असे विचारून जातो. कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच कुत्र्याचे चित्र टपाल खात्याने २००५ साली तिकिटावर छापले; त्यातही त्याचे पोट आत गेलेलेच आहे.

काय देऊ नये हे सांगताना बहुतेक जण चॉकलेटपाशी थांबतात. आपल्या घरांत धोका चॉकलेटपेक्षा शिऱ्यातल्या बेदाण्यांचा आणि फोडणीतल्या कांद्या-लसणाचा अधिक आहे. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजवलेले, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. द्राक्षे, मनुका व बेदाणे यांमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे असे आता मानले जाते आणि हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, सगळे घर शेतात जाते, कुत्राही बरोबर येतो, आणि पांडवांची पूजा झाल्यावर भज्जी (मिश्र भाजी), बाजरीचे उंडे व आंबील यांचा घास प्रेमाने त्याच्यापुढे ठेवला जातो. भज्जीत बहुतेक घरी चिंचही असते आणि लसूणही. त्या दिवशी बिजलीसाठी बाजरीचा बिनमसाल्याचा उंडा वेगळा काढलेला असतो. पोळ्याची पुरणपोळी विषारी नसली तरी तूप आणि गूळ यांचा मारा स्वादुपिंडाला झेपत नाही. मटणाची शिजलेली हाडेही देऊ नयेत, कारण शिजल्यावर ती ठिसूळ होऊन त्यांच्या टोकदार कपच्या निघतात. ‘शुगर-फ्री’ असे लिहिलेल्या पदार्थात झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा आणि कुत्र्याला विषारी असलेला गोडवा नाही ना, हे पुड्यावर वाचल्याशिवाय तो घरात उघडा ठेवू नये.

आता सामान. कारवानीची मान डोक्यापेक्षा फारशी बारीक नसते, त्यामुळे साधा बक्कलचा पट्टा ती मागे सरकून सहज काढून टाकते आणि मग समोर ससा दिसला तर ती कुणाचीच नसते. अशा कुत्र्यांसाठी मार्टिंगेल पट्टा मिळतो. ओढ बसली की तो थोडा आवळतो आणि ठरावीक मापाला थांबतो. फिरायला नेताना छाती आणि पोट अशा दोन्ही ठिकाणी बांधला जाणारा हार्नेस अधिक बरा. कोणताही पट्टा घातल्यावर त्याखाली दोन बोटे गेली पाहिजेत. लोखंडी साखळी उन्हाळ्यात तापून चटका देते. तिच्याऐवजी जाड सुती किंवा नायलॉनची पट्टी वापरावी.

दुकानातली मऊ गादी आमच्याकडे चालली नाही, ती उबते. मात्र कारवानीच्या अंगावर चरबी कमी असल्याने फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात, तेव्हा जुन्या लुगड्यांची वाकळ घालावी; ती धुता येते आणि वाळतेही लवकर. उन्हाळ्यात पाण्यासाठी मातीचे पसरट, जड भांडे सावलीत ठेवावे आणि जमिनीवर भिजवलेले गोणपाट अंथरावे. एरवी कुत्र्याला किलोमागे पन्नास-साठ मिलिलिटर पाणी लागते, तापल्या दिवसांत त्याहून बरेच जास्त. तळहाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याला त्या वेळी बाहेर काढू नये.

मुसके घ्यायचे असेल तर जाळीचेच घ्यावे. कापडी मुसक्याने तोंड आवळले जाते, कुत्र्याला धापता येत नाही आणि धापणे हाच तर अंग थंड ठेवण्याचा त्याचा मुख्य मार्ग आहे. मळणीच्या वेळी बैलाला घालतात त्या मुसक्यासारखे ते मोकळे असावे, म्हणजे जाळीतून खाऊचा तुकडाही देता येतो आणि मुसके दिसताच कुत्रा पळून जात नाही.

सर्वांत आधी घ्यावी अशी वस्तू मात्र सर्वांत स्वस्त आहे : बारीक दातांची फणी आणि टोकदार चिमटा. गोचीड कातडीलगत पकडून सरळ ओढावा आणि साबणाच्या पाण्यात टाकावा. रॉकेल लावू नये. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड अंडी घालायला अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत जातो, म्हणून नुसते कुत्र्याचे अंग साफ करून भागत नाही, गोठ्याच्या आणि ओसरीच्या फटीही बुजवाव्या लागतात. एरलिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार त्याच्यामुळेच होतात. ताप, हिरड्या फिक्या पडणे, नाकातून रक्त येणे यांपैकी काहीही दिसले तर रक्ततपासणीला उशीर करू नये. उदगीर आणि परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जनावरांसाठी आणलेले गोचिडाचे औषध अंदाजाने पातळ करून कुत्र्यावर ओतण्याची पद्धत खेड्यांत सर्रास आहे. औषधाचे प्रमाण वजनावर ठरते, ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावे, आणि घरात मांजर असेल तर ही गोष्ट त्यांना आवर्जून सांगावी, कारण कुत्र्याला चालणारी काही औषधे मांजराच्या जिवावर बेततात.