आमची वाटचाल : जाणाऱ्याच्याच हाती पार्सल

नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या घाऊक औषधविक्रेत्यांकडून सिडको, जेलरोड, पंचवटीच्या मेडिकलना दिवसातून दोनदा माल लागतो आणि तो उद्यावर टाकून चालत नाही. या गरजेवर 2017 साली आम्ही व्यवसाय उभा केला. पगारी मुलांची फौज ठेवणे परवडणारे नव्हते. पण सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या पाळीला शहरातून रोज हजारो दुचाकी जातात आणि परततात. त्यांच्या वाटेवरचेच पार्सल त्यांना दिले, तर पेट्रोल तसेही जळणारच असते आणि आमची रक्कम त्यांना वरची मिळते.

ही कल्पना आम्ही शोधली असा दावा नाही. डीएचएल या कुरिअर कंपनीने 2013 मध्ये स्टॉकहोममध्ये शहरवासीयांकडूनच पार्सले पोचवण्याचा प्रयोग केला होता. अमेरिकेत 2012 साली निघालेली डिलिव्ह ही डिलिव्हरी कंपनी 2020 मध्ये बंद झाली, आणि आपल्याकडे गूगल व रिलायन्सचा पैसा लाभलेल्या डंझो या डिलिव्हरी कंपनीचे ॲप जानेवारी 2025 मध्ये बंद पडले. तेव्हा या धंद्याला मागणी आहे का, हा प्रश्नच नाही. एका फेरीत किती थांबे बसतात, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या नाशिकमध्येही 2021 च्या दिवाळीआधी बाहेरची एक कंपनी उतरली. दुकानदारांना पहिले तीन महिने डिलिव्हरी फुकट आणि आमच्या रायडरना जॉइनिंग बोनस, असा तिचा थाट होता. ज्या मुलांना आम्ही बिलावरचा बॅच नंबर तपासायला शिकवले, तीच तिचा टी-शर्ट घालून आमच्याच दुकानांच्या पायऱ्यांवर बसू लागली. तिचे ॲप गोळे कॉलनीतली ऑर्डर गंगापूर रोडवर उभ्या असलेल्या मुलाला देई. तो रिकामा येई आणि एकच पाकीट घेऊन द्वारका चौकाच्या कोंडीतून नाशिकरोडला जाई. इन्सेन्टिव्ह आटताच मुलांनी ऑर्डर उचलणे सोडले आणि पुढच्या पावसाळ्याआधी कंपनीने गाशा गुंडाळला. पण तोवर आमची ओम्नी विकली गेली होती आणि ऑफिसचे भाडे थकले होते.

त्या काळात एकच घाऊक विक्रेते, ज्यांना आम्ही काका म्हणतो, आमच्याकडे राहिले. ‘फुकट नेणारा उद्या माझ्याच बिलातून काढणार,’ असे म्हणून त्यांनी महिन्याचे पैसे आगाऊ दिले आणि इन्सुलिनचा सगळा माल आमच्याकडेच ठेवला. त्यासाठीचा थर्माकोलचा डबा आजही आम्ही स्वतः भरतो: कडेला आइस पॅक, त्यावर वर्तमानपत्राचे दोन पदर, मग औषध. बर्फ थेट टेकला की इन्सुलिन गोठते आणि गोठलेले इन्सुलिन फेकावेच लागते. दोन ते आठ अंश राखायचे म्हणजे नुसते थंड करायचे नव्हे. झाकणाच्या आतला थर्मामीटर पाहून चलनावर तापमान लिहिल्याशिवाय डबा दारातून बाहेर पडत नाही. सोडून गेलेले दुकानदार नंतर जुन्या दराने परत यायला निघाले, तेव्हा तो दर आम्ही काकांपुरताच ठेवला.

नव्याने उतरणाऱ्यांना सांगतो, दर केवळ किलोमीटरवर लावू नका. थांबा, जिने आणि ताटकळण्याचा वेळ धरा, आणि सीओडीची (माल पोचल्यावर घेतलेली) रोकड त्याच संध्याकाळी जमा करून घ्या. सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असून तीत ॲग्रिगेटरसाठी, म्हणजे ॲपवरून रायडरसारख्यांकडून काम करून घेणाऱ्या कंपन्यांसाठी, त्या कामगारांच्या सामाजिक सुरक्षेकरिता उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदानाची तरतूद आहे. कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्के ही त्याची मर्यादा आहे. आपला आकार लहान असला तरी हा खर्च आजच दरात धरलेला बरा.

आमच्यापुढे आता 2027 चा सिंहस्थ आहे. पर्वकाळात रामकुंडाकडचे रस्ते बंद झाले की पंचवटीची औषधे चालत न्यावी लागणार, म्हणून गोदावरीच्या पुलाअलीकडे माल उतरवून घेण्यासाठी एक गाळा पाहत आहोत. मालकाने भाडे आत्ताच दुप्पट सांगितले आहे.