डेट्रॉइट ते गेन्सव्हिल, आय-७५ वरच्या कॅशेस (एन ४२ ते एन २९)

जिओकॅशिंग म्हणजे फोनवरच्या जीपीएसने कोणीतरी लपवलेला डबा (कॅश) शोधायचा आणि आतल्या लॉगवर, म्हणजे नोंदीच्या कागदावर, नाव लिहायचं. निघायच्या आधी एकच ठरवलं होतं, ह्या वेळी सापडलेल्या कॅशेसचा आकडा वाढवायचा नाही. मागच्या ट्रिपला एका दिवसात चाळीसच्या वर लॉग केले होते, जवळजवळ सगळे पार्किंग लॉटमधल्या लॅम्पपोस्टच्या स्कर्टखालचे (खांबाच्या पायथ्याच्या झाकणाखालचे), आणि आज त्यातला एकही आठवत नाही. म्हणून यंदा गाडी जिथे तशीही थांबणार (गॅस, जेवण, बाबांना पाय मोकळे करायला) तिथे एकच कॅश, आणि ती अशी की जिच्यामुळे काहीतरी बघायला मिळेल जे एरवी सत्तरच्या स्पीडने मागे पडलं असतं.

सुरुवात घराजवळच्या जंगलातल्या अ‍ॅमो कॅनने (काडतुसांच्या लोखंडी पेटीने) केली, कारण त्यात एक ट्रॅव्हल बग (एका कॅशमधून दुसरीत नेत राहायचा, नंबर असलेला बिल्ला) होता, मिनेसोटातून निघालेला, मिशन काय तर समुद्र बघायचा. अशाला दक्षिणेला जाणारी गाडी मिळायलाच हवी ना. झाकणाची कडी बर्फाने धरली होती, हातमोज्याच्या मुठीने ठोकून सोडवली, आत लॉग मात्र एकदम कोरडा. पेन चाललं नाही, पेन्सिल चालली. थंडीत निघणाऱ्यांनी दोन गोष्टी कराच, पेन्सिल ठेवा आणि फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, माझा बाहेरच्या खिशात चाळीस टक्क्यांवरून थेट बंद झाला आणि गाडीत गरम झाल्यावर परत तेवढेच टक्के दाखवून चालू झाला.

ओहायोत पहिला डीएनएफ, म्हणजे 'डिड नॉट फाइंड', सापडली नाही. हिंट 'खोडाच्या मुळाशी' आणि मुळाशी फूटभर बर्फ, कॅशच्या पेजवर 'हिवाळ्यातही मिळेल' सांगणारं स्नोफ्लेकचं अ‍ॅट्रिब्यूट नव्हतं हे मी आधी बघायला हवं होतं. डीएनएफ लॉग केला, तो करायलाच हवा, ओनरला (कॅश लपवणाऱ्याला) आणि पुढच्याला त्यातूनच कळतं. त्याच्या पुढे वापाकोनेटा, नील आर्मस्ट्राँगचं गाव, तिथलं म्युझियम हायवेवरूनच दिसतं, मातीच्या ढिगातून वर आलेला पांढरा घुमट, १९७२ पासूनचं. बारा वेळा तरी समोरून गेलोय, ह्या वेळी पहिल्यांदा एक्झिट घेतली, ती एका साध्या मायक्रोसाठी (अगदी छोट्या डबीसाठी)!

केंटकीत शिरल्याशिरल्या 'फ्लोरेन्स यॉल' वाली पाण्याची टाकी. आधी तिच्यावर 'फ्लोरेन्स मॉल' लिहिलं होतं, पण मॉल अजून बांधलाच नव्हता आणि हायवेच्या जाहिरातींच्या नियमात ते बसेना, म्हणून १९७४ मध्ये एम च्या जागी वाय आणि अपॉस्ट्रॉफी आला. कॅशच्या पेजवरच वाचलं हे. चांगलं लिहिलेलं पेज असलं की डबा कसाही असो, मी त्याला फेव्हरिट पॉइंट देतोच.

टेनेसीत बर्फ संपला पण झाडं उघडीच, आणि जंगलातल्या कॅशला ह्याच्यासारखा सीझन नाही, वर पानं नाहीत त्यामुळे सिग्नल मोकळा आणि खाली झुडपं नाहीत त्यामुळे नजर लांब जाते. चॅटनूगाला मात्र उलट झालं. वॉलनट स्ट्रीट ब्रिजजवळ थांबलो, १८९१ चा लोखंडी पूल, १९९३ पासून फक्त चालणाऱ्यांसाठी, २,३७६ फूट लांब. एवढ्या लोखंडात फोनवरचा दिशेचा बाण गरागरा फिरायला लागला. फोन खिशात घातला आणि बोटांनी चाचपत गेलो, नॅनो (बोटाच्या टोकाएवढी कॅश) बाबांना मिळाली. त्यांची पहिली! लॉगच्या चिटोऱ्यावर त्यांना पूर्ण नाव लिहायचं होतं, इनिशियल्सवर कसंबसं पटवलं.

जॉर्जियात मेकनला ऑकमल्गी माउंड्स, मूळ अमेरिकन लोकांनी रचलेल्या मातीच्या टेकड्या. नॅशनल पार्क सर्व्हिसची जागा, अशा ठिकाणी डबा सहसा ठेवूच देत नाहीत, म्हणून व्हर्च्युअल वगैरे, म्हणजे डब्याशिवायची कॅश. मातीच्या टेकडीखाली गोल सभागृह आहे, त्याची जमीन सुमारे हजार वर्षांपूर्वीची, मूळची. वाकून आत गेलो आणि काही वेळ कोणीच बोललं नाही.

आणि मग फ्लोरिडात गेन्सव्हिलचं डेव्हिल्स मिलहॉपर. अर्थकॅश, म्हणजे डबा नाही, लॉगबुक नाही, जागा बघायची आणि भूगर्भाच्या प्रश्नांची उत्तरं ओनरला पाठवायची. १२० फूट खोल, ५०० फूट रुंद खड्डा, लाकडी पायऱ्यांनी उतरायचं, आणि उतरताना हवा बदलते, फर्न दाट होतात, बाजूंनी बारीक झरे खाली येत असतात. पाऊस हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतो आणि चुनखडी विरघळवत जातो, एक दिवस वरचं छप्पर खाली बसतं. प्रश्न वाचून मी अडकलो होतो. बाबा आयुष्यभर इरिगेशनमध्ये होते, कठड्याला धरून बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, आपल्याकडे काळा पाषाण, पाणी भेगांमधून जागा शोधतं. इथे पाणी दगडच खातंय. पायरीपायरीला थर बघ ना." मग आम्ही परत वर गेलो आणि थर मोजत पुन्हा उतरलो. त्यांच्या गुडघ्यांचं मी दोनदा विचारलं, उत्तर दिलं नाही त्यांनी. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवलीत, इथे देत नाही, स्पॉइलर होईल.

जाता जाता एक, खास मोजमापवाल्यांसाठी. कोऑर्डिनेट्समध्ये शेवटचा आकडा (मिनिटाचा हजारावा भाग) एकाने बदलला तर उत्तर-दक्षिण फरक सगळीकडे साधारण १.८५ मीटर, पण पूर्व-पश्चिम डेट्रॉइटला सुमारे १.४ मीटर आणि इथे १.६, कारण रेखावृत्तं उत्तरेकडे जवळ येत जातात. पझल कॅश (कोडं सोडवून जागा काढायची) सोडवताना घरची सवय इथे वापरू नका, मी ऑफसेट (दिलेल्या बिंदूपासूनचं अंतर) तसाच मोजला आणि दुसरा डीएनएफ घेतला.

ट्रॅव्हल बग अजून बॅगेतच आहे, मेकन सोडलं तर वाटेत सगळे मायक्रो आणि नॅनो. परवा सीडर कीला जातोय, गल्फच्या काठावर, त्या बाजूला नकाशात एक रेग्युलर साइझ (मोठ्या डब्याची कॅश) दिसतेय. आधी त्याला पाण्यासमोर धरून फोटो, मग डब्यात. उत्तरेकडून आलेल्या कोणाला तो पुढे न्यायचा असेल तर दोन दिवस थांबा, ड्रॉप झाला की लॉगमध्ये दिसेलच.