तुम्ही विचारलंत म्हणून: कोड उघडा असताना ड्रायव्हरला सही कशाला, आणि ती मिळवायची कशी?

ड्रायव्हर म्हणजे उपकरण आणि विंडोज यांच्यात दुवा साधणारा प्रोग्रॅम, आणि सही म्हणजे तो कुणी दिला आणि नंतर बदलला नाही हे सांगणारी डिजिटल खूण. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले प्रोजेक्टवाले असोत की वेर्ण्याच्या वसाहतीत छोटे बोर्ड बनवणारे, प्रश्न एकच असतो: "आमचा ड्रायव्हर ओपन सोर्स आहे, ज्याला हवं त्याने वाचावा. तरी विंडोज त्याला दारात का अडवतं? आणि ती सही गोव्यात बसून मिळते का?"

मिळते. पण त्याआधी ड्रायव्हर लिहायला हवाच का, ते तपासा. उपकरण यूएसबीचं असेल तर बहुतेक वेळा नको. बोर्ड सीरियल पोर्टसारखा वागत असेल आणि स्वतःला सीडीसी-एसीएम या, यूएसबी सीरियल उपकरणांच्या ठरलेल्या वर्गातला म्हणवत असेल, तर विंडोज १० आपला स्वतःचाच ड्रायव्हर लावतं, आयएनएफ फाइलसुद्धा (ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणारी) लागत नाही. इतर उपकरणांच्या फर्मवेअरमध्ये (उपकरणाच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) मायक्रोसॉफ्ट ओएस २.० डिस्क्रिप्टर, म्हणजे विंडोजला उपकरणाची ओळख सांगणारी नोंद, घालून 'विनयूएसबी' हा कंपॅटिबल आयडी कळवा. विंडोज ८.१ पासून पुढे विनयूएसबी हा विंडोजचा तयार ड्रायव्हर आपोआप बसतो आणि वरचा प्रोग्रॅम लिबयूएसबीवर (यूएसबीशी बोलणारी ओपन सोर्स लायब्ररी) लिहिता येतो. फर्मवेअरमधलं हे शे-दोनशे बाइटांचं काम पुढची सगळी यातायात वाचवतं.

पीसीआयई कार्ड, फाइल सिस्टिम, नेटवर्कचा आभासी अडॅप्टर अशी कामं मात्र कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, शिरल्याशिवाय होत नाहीत. तिथे सही टळत नाही.

नेटवर सापडणारा निम्मा सल्ला इथेच शिळा निघतो. ६४-बिट व्हिस्टापासून कर्नल ड्रायव्हरला सही सक्तीची झाली, पण तेव्हा सर्टिफिकेट विकत घेऊन, त्याला मायक्रोसॉफ्टची मान्यता दाखवणारं क्रॉस-सर्टिफिकेट जोडून आपली आपण सही करता येत असे. २०१६ च्या विंडोज १० आवृत्ती १६०७ पासून, सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त सही असलेलंच चालू देणारी सोय) चालू असलेल्या नव्या इन्स्टॉलेशनवर नव्या कर्नल ड्रायव्हरला थेट मायक्रोसॉफ्टची सही लागते. बहुतेक क्रॉस-सर्टिफिकेटांची मुदतही २०२१ मध्ये संपली. म्हणजे आता आपली सही फक्त मायक्रोसॉफ्टच्या हार्डवेअर पोर्टलवर ओळख पटवण्यापुरती. कर्नल मानतो ती पलीकडून येणारी सही.

पोर्टलवर नोंदणीसाठी ईव्ही (कसून पडताळणी करून दिलेलं) कोड सायनिंग सर्टिफिकेट लागतं, आणि पहिला अडथळा तोच. ते संस्थेला मिळतं, तुम्हा-आम्हाला सुट्या माणसांना नाही. कंपनी किंवा एलएलपी असेल तर देणारे लोक सरकारी नोंदीतलं नाव, पत्ता आणि फोन पडताळतात. पत्ता नोंदीत आहे तसाच, अक्षरन् अक्षर लिहा. एका कागदावर पंजिम आणि दुसऱ्यावर पणजी, किंवा मापुसा आणि म्हापसा, हे आपल्याला एकच गाव वाटतं. परदेशात बसून पडताळणी करणाऱ्याला ती दोन गावं दिसतात.

"ई-टेंडरसाठी घेतलेला डीएससीचा (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेटचा) टोकन आहे, तो चालेल का?" हेही हमखास विचारलं जातं. नाही चालत. तो दस्तऐवजांवर सही करण्यासाठी आहे, कोडसाठी नाही. दिसायला दोन्ही पेन ड्राइव्हसारखे, म्हणून घोटाळा होतो. जून २०२३ पासून कोड सायनिंगची खासगी किल्ली (जिने सही होते ती गुप्त माहिती) प्रमाणित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते: एक तर टोकनमध्ये, नाहीतर क्लाउडवरच्या एचएसएममध्ये (किल्ल्या जपणाऱ्या यंत्रात). टोकनचा पासवर्ड ठरावीक वेळा चुकला की टोकन कुलूपबंद होतो, म्हणून आपोआप बिल्ड करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये चुकीचा पासवर्ड राहू देऊ नका.

पुढचं काम तासाभराचं. सिस (खुद्द ड्रायव्हर), आयएनएफ आणि पीडीबी (डीबगिंगची माहिती) फाइली एका फोल्डरात ठेवा. आयएनएफ आधी इन्फव्हेरिफ या तपासणीच्या साधनातून काढा. मग मेककॅबने कॅब फाइल (सगळ्या फाइलींचं एक गाठोडं) बनवा. ड्रायव्हर कॅबच्या मुळाशी सुटा नको, आतल्या फोल्डरात हवा, नाहीतर पोर्टल परत पाठवतं. कॅबवर साइनटूल या साधनाने एसएचए-२५६ ही हॅश पद्धत वापरून ईव्ही सही करा, अटेस्टेशनसाठी (चाचण्यांच्या निकालांशिवाय मिळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सहीसाठी) पोर्टलवर चढवा आणि टेस्ट सायनिंगच्या (फक्त चाचणीपुरत्या सहीच्या) चौकटी रिकाम्या सोडा. परत येतं त्यात मायक्रोसॉफ्टने नव्याने बनवलेली कॅटलॉग फाइल असते. तुम्ही बनवलेला कॅटलॉग तिथे टिकत नाही, म्हणून वाटायचं ते परत आलेलं पॅकेज. ही सही विंडोज १० आणि ११ च्या साध्या आवृत्त्यांपुरती. सर्व्हरवर चालवायचं तर एचएलकेच्या (मायक्रोसॉफ्टचा हार्डवेअर चाचणीसंच) चाचण्या पार कराव्या लागतात, आणि ते वेगळंच प्रकरण आहे.

कॅटलॉग म्हणजे पॅकेजमधल्या प्रत्येक फाइलच्या हॅशची, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाची, यादी. नोटरीचा शिक्का पडल्यावर कागदावर खाडाखोड केली तर जे होतं, तेच इथे. आयएनएफमधला एक स्वल्पविराम हलला की सही गेली. सगळ्यात छुपा चोर गिट, कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन: ते ओळींचे शेवट सीआरएलएफवरून एलएफवर (विंडोजच्या पद्धतीवरून युनिक्सच्या पद्धतीवर) नेतं, फाइल डोळ्यांना तीच दिसते, हॅश मात्र बदलतो. आयएनएफसाठी गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये ओळींचे शेवट न बदलण्याचा नियम लिहून टाका.

दुसरा चोर खास आपल्या वेळेचा. मध्यरात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत बिल्ड केलं तर आयएनएफमध्ये आजची तारीख पडते, पण कॅटलॉग बनवणारं इन्फटूकॅट यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) पाहतं आणि तिथे अजून कालचा दिवस असतो. मग 'ड्रायव्हरव्हर (आयएनएफमधली ती तारीख) भविष्यातलं आहे' अशी तक्रार येते. यूजलोकलटाइम हा पर्याय द्या, नाहीतर झोपा आणि सकाळी करा.

वापरणाऱ्याकडे डिव्हाइस मॅनेजर कोड ५२ दाखवत असेल तर सही पटलेली नाही. विंडोजच्या आयएनएफ फोल्डरातला सेटअपएपीआय.डेव्ह लॉग उघडा, कुठली फाइल अडली ते तिथे लिहिलेलं असतं. कोड ३९ असेल तर मेमरी इंटिग्रिटी या विंडोजच्या सुरक्षा सोयीकडे पाहा: सही बरोबर असूनही ड्रायव्हर लिहिता येणाऱ्या आणि चालवता येणाऱ्या अशा दुहेरी मेमरीवर विसंबून असेल तर तो आत घेतला जात नाही.

सही म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे, एवढं मात्र गिऱ्हाइकाला सांगा. विनरिंग० या ड्रायव्हरचा कोड उघडा होता, सहीही होती, पंख्यांचा वेग आणि तापमान दाखवणारे कितीतरी प्रोग्रॅम त्यावर चालत. पण तो साध्या वापरकर्त्यालाही हार्डवेअरचे रजिस्टर उघडून देत होता, आणि हल्लेखोरांनी नेमका तोच वापरला. शेवटी विंडोजच्या डिफेंडर अँटिव्हायरसने त्याला धोकादायक ठरवलं. म्हणून आपल्या ड्रायव्हरचा आयओसीटीएल (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला आज्ञा देण्याचा मार्ग) कोण बोलावू शकतो ते सही मागण्याआधी बांधून टाका.

उरला प्रश्न उघडेपणाचा. कुणी तुमचा कोड घेऊन दोन ओळी बदलल्या की त्याच्या बिल्डला तुम्हाला मिळालेली सही लागू होत नाही. त्याला सिक्युअर बूट बंद करून, बीसीडीएडिट या आज्ञेने टेस्ट सायनिंग चालू करून काम भागवावं लागतं. त्याने तुमच्याकडे तयार सिस फाइल पाठवून "एवढी सही करून द्या" म्हटलं तर नाही म्हणा. सोर्स मागवा, वाचा, आपल्या मशिनवर बिल्ड करा आणि तेच चढवा; पोर्टलच्या खात्यावर नाव तुमच्या संस्थेचं आहे.