अकरा नंबरचे बूट, काळे नकोत

जर्सी सिटीहून पाथ ट्रेन पकडून न्यूयॉर्कच्या ख्रिस्तोफर स्ट्रीट स्थानकावर उतरले की अगदी जवळ, हडसन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, ‘सिल्व्हिया रिव्हेरा वे’ अशी पाटी आहे. ट्रान्सजेंडर कार्यकर्ती सिल्व्हिया रिव्हेरा हिच्या नावाची ती पाटी २००५ साली लागली. डिसेंबरमध्ये नाताळच्या भेटवस्तूंची खरेदी करायला मी त्याच बाजूला जाते आणि ही सारी खरेदी सिल्व्हियाच्या नावानेच असल्यामुळे पाटीखाली क्षणभर थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही.

१९६९ साली स्टोनवॉल या समलिंगींच्या बारवर पोलिसांची धाड पडली आणि त्याविरुद्ध उठाव झाला; त्याच्या पहिल्या रात्री सिल्व्हिया तिथे होती की नव्हती, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. मला त्यात फारसा रस नाही. मला ती आठवते ती पोरांच्या जेवणाची काळजी वाहणारी म्हणून. आईविना वाढलेल्या सिल्व्हियाने वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी आजीचे घर सोडले आणि टाइम्स स्क्वेअरच्या परिसरात रस्त्यावर दिवस काढले. पुढे १९७० साली तिने मैत्रीण मार्शा पी. जॉन्सनसोबत बेघर ट्रान्सजेंडर तरुणांसाठी ‘स्टार’ ही संघटना उभी केली आणि घराबाहेर काढलेल्या पोरांना आधी ग्रीनिच व्हिलेजमध्ये उभ्या असलेल्या एका ट्रकच्या ट्रेलरमध्ये आसरा दिला. एका सकाळी दोघी खाण्याचे सामान घेऊन परतल्या, तर ट्रेलर चालू लागलेला आणि पोरे त्यातून उड्या टाकत असलेली, असा तो प्रसंग सांगितला जातो. त्यानंतर ईस्ट सेकंड स्ट्रीटवरच्या एका पडक्या इमारतीत ‘स्टार हाउस’ सुरू झाले. पोरांना पोटासाठी देहविक्रय करावा लागू नये, म्हणून त्याचे भाडे या दोघी स्वतः तोच धंदा करून भरत असत. १९७३ साली वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमधल्या समलिंगी हक्कांच्या मेळाव्यात, तुरुंगातल्या आपल्या माणसांची आठवण करून द्यायला ती व्यासपीठावर चढली, तेव्हा तिच्याच चळवळीतल्या लोकांनी तिची हुर्यो उडवली. नव्वदच्या दशकात ती स्वतः हडसनकाठच्या धक्क्यावर बेघर राहिली. अखेरच्या वर्षांत मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चमधले अन्नवाटप तिने सांभाळले. १९ फेब्रुवारी २००२ रोजी, पन्नासाव्या वर्षी, यकृताच्या कर्करोगाने ती गेली. ते अन्नवाटप आज तिच्याच नावाने ओळखले जाते.

आमचा उपक्रम अगदी लहान आहे. आठ-दहा मराठी घरे मिळून बेघर एलजीबीटीक्यू (समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे) तरुणांच्या एका निवाऱ्यासाठी भेटवस्तू गोळा करतो. निवाऱ्याकडून चिठ्ठ्या येतात. त्यांवर नाव नसते, फक्त वय, माप आणि काय हवे ते लिहिलेले असते. विल्यम्स इन्स्टिट्यूट या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१२ च्या पाहणीनुसार अशा सेवा देणाऱ्या संस्थांकडे येणाऱ्या बेघर तरुणांपैकी सुमारे ४० टक्के एलजीबीटीक्यू होते. हा आकडा मी पहिल्या वर्षी सर्वांना सांगितला होता, पण लोकांचे मन वळले ते चिठ्ठ्या वाचून. लोकरीचे मोजे, फोनचा चार्जर, जांभळे नेलपॉलिश, न उघडलेल्या पाकिटातली अंतर्वस्त्रे.

सुरुवातीला एक काकू धुऊन, इस्त्री करून जुन्या स्वेटरांची पिशवी घेऊन आल्या. त्यांचा हेतू चांगलाच होता. तरीही पिशवी परत द्यावी लागली आणि ते मला जड गेले. कामवाल्या बाईंना वापरलेली साडी देण्याची सवय आपल्या हाडीमाशी इतकी भिनलेली आहे की, ज्याला काही द्यायचे त्याला आवडनिवड असू शकते, हे चटकन सुचतच नाही. काकू त्या दिवशी रुसल्या. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी सर्वांत आधी दोन चिठ्ठ्या मागून घेतल्या.

यंदा माझ्या वाट्याला आलेली चिठ्ठी एकोणीस वर्षांच्या एका मुलीची आहे: बायकांचे हिवाळी बूट, अकरा नंबर, काळे नकोत. तीन दुकाने पालथी घातली. बायकांच्या कप्प्यात माप दहावर संपत होते आणि दुकानातला मुलगा, अगदी मदत करण्याच्या भावनेने, मला पुरुषांच्या कप्प्याकडे नेत होता. तिलाही हे असेच अनेकदा ऐकावे लागले असणार, हे तिथे उभी असताना लक्षात आले. अखेर बूट ऑनलाइन मागवले. तपकिरी आहेत, आतून लोकर आहे, टाचेला बारीकशी सोनेरी चेन आहे. रंगीत कागदात गुंडाळण्यापूर्वी खोक्यात पावती ठेवली आहे, न आवडल्यास बदलून घेता यावेत म्हणून.