राकसकोपची फेरी

बेळगावजवळच्या राकसकोप धरणाच्या पाण्याभोवतीची फेरी पुरी होते ती एप्रिलातच. पावसाळ्यात मार्कंडेय नदी जिथं तलावात शिरते तिथं पाय टाकायची सोय नसते, आल्या वाटेनं माघारी यावं लागतं. उन्हाळ्यात तिथंच चपला हातात घेऊन दगडांवरून पलीकडं जाता येतं.

बेळगावातून उजाडायच्या आधी निघते. बिजगर्णी मागं पडली की हवा बदलते. गाडी गावात देवळापाशी लावायची आणि चालायला लागायचं. सुरुवातीला तांबडी माती, भाताची मोकळी खाचरं. मग वाट डोंगराच्या अंगाला लागते आणि जांभा दगड सुरू होतो. करवंदाच्या जाळ्या, काजू, आणि नशीब असलं तर निळ्या फुलांनी फांदी न् फांदी भरलेली अंजनी. उत्तरेकडं वैजनाथाचा डोंगर. खाली टिटव्यांचा कालवा.

आमच्या घरी राकसकोप म्हणजे एक आकडा होता. 2475 फूट. जुलैत पेपरात रोज पातळी यायची, बाबा मोठ्यानं वाचायचे. आकडा गाठला, धरणाचे दरवाजे उघडले, की आई म्हणायची, ‘‘चला, नळाची काळजी मिटली.’’ या पाण्याखाली कुणाची शेतं आहेत हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही या वाटेवरच.

पलीकडच्या काठाला तुडये लागतं. ते महाराष्ट्रात. मध्ये कुंपण नाही, चौकी नाही, दुकानांच्या पाट्यांवरचं कन्नड तेवढं संपतं. 1956 पर्यंत सगळा चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यं नव्यानं आखली तेव्हा तो कोल्हापुराकडं गेला आणि आम्ही म्हैसूर राज्यात. माझ्या आत्तीचं सासर तुडये. बेळगावची लेक, स्वयंपाकघर तेच, बोली तीच, रताळी तीच. रेशनकार्ड मात्र दुसऱ्या राज्याचं. मला ते अजूनही सलतं, आणि तिच्या पडवीत बसून चहा पिताना तर जास्तच.

धरण झालं साठच्या दशकात. मामा, म्हणजे आत्तीचे यजमान, तेव्हा पोरसवदा होते. त्यांच्या घरची सखल जमीन पाण्यात गेली. पाणी आटलं की जुने बांध वर येतात, भेगाळलेल्या चिखलात सरळ रेघा. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते नुसते दगड वाटले होते. मामा काठावर उभे राहून एकेक बांध दाखवत गेले. हा भावकीचा, हा आमचा, इथं भात, तिथं नाचणी. आणि त्यापलीकडं विहीर. तिचा दगडी काठ पाणी अगदीच खाली गेलं तरच दिसतो.

मामांचे गुडघे आता गेलेत, काठापर्यंत उतरवत नाही. यंदा मी पडवीत पाय ठेवायच्या आत त्यांनी विचारलं,

‘‘हीर उघडी पडली काय गं?’’

मी मोबाईल पुढं केला. त्यांनी चष्मा लावला आणि फोटोवर बोट टेकवून काठाचे दगड मोजले.

‘‘दोनच थर. अजून पाणी हाय.’’

आत्तीनं चहा आणून ठेवला. त्यांनी फोन मला परत दिला नाही, बराच वेळ.