32 इंची पॅनेलची बॅकलाइट: पट्टे एकदाचे गेले!

मंडळी, माझ्या जुन्या 32 इंची एलसीडी पॅनेलच्या बॅकलाइटमध्ये, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांत, मी एलईडी पट्ट्या बसवल्यापासून पडद्यावर दिसणारे करडे पट्टे गेले! खोलीत मिट्ट काळोख, पडद्यावर कोरा पांढरा रंग, ब्राइटनेस पूर्ण, आणि एकही आडवी रेघ नाही. कालपासून तेच बघत बसलोय.

मांडणी मागच्या वेळी लिहिली तीच. जुन्या ट्यूब आणि त्यांना वीज देणारा इन्व्हर्टर काढून ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर 12 व्होल्टच्या पट्टीच्या 11 ओळी, मीटरला 60 एलईडीवाल्या. दोन ओळींत 35 मिलिमीटर, पण पत्र्यापासून डिफ्यूझर (उजेड पसरवणारं दुधी शीट) जेमतेम 25 मिलिमीटरवर. त्यामुळे दर दोन ओळींमध्ये करडा पट्टा. आणखी पाच ओळी वाढवायच्या तर उष्णता वाढणार. दुसरं डिफ्यूझर शीट घालून पाहिलं, तर पट्टे फिकटले, पण उजेडही पार बसला.

गंमत प्रिझम शीटमध्ये, म्हणजे पॅनेलमागच्या बारीक खाचांच्या पारदर्शक शीटमध्ये होती. खालून सरळ येणारा उजेड ते बराचसा परत खाली धाडतं आणि तिरका आलेला समोर वळवून सोडतं. म्हणजे ऐन एलईडीच्या डोक्यावरचा उजेड पुन्हा तळावर येतो. तळ उघड्या पत्र्याचा असला की काही उजेड तिथेच मुरतो आणि उरलेला आरशासारखा आल्या कोनात परत जातो. तळ मॅट पांढरा हवा, म्हणजे उजेड चहूकडे विखुरतो आणि ओळींमधली जागा भरून निघते.

रविवारी जुन्या बाजारात एका फुटक्या टीव्हीतलं मूळ पांढरं रिफ्लेक्टर शीट मिळालं. पट्टी 8 मिलिमीटरची, म्हणून शीटचे बरोबर 27 मिलिमीटर रुंद तुकडे कापले आणि पातळ दुहेरी टेपने ओळींच्या मधोमध बसवले. कडेचे तुकडे थोडे जास्त रुंद ठेवून 45 अंशांत वर वळवले, तर कोपऱ्यांतला अंधारही हटला! फोनच्या कॅमेऱ्यात आयएसओ आणि शटर लॉक करून आधीचा नि नंतरचा फोटो घेतलाय. नंतरच्या फोटोत काँट्रास्ट भरपूर ताणला तरच ओळी पुसटशा दिसतात.

आता रंगाचं दुखणं. 7.7 मीटर पट्टी लागली, म्हणजे 5 मीटरची दोन रिळं. दोन्हींवर 6500 के (पांढऱ्या रंगाची छटा सांगणारा केल्व्हिनचा आकडा) छापलंय, पण खालच्या चार ओळी चक्क निळसर आहेत. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाल तेव्हा दोन्ही रिळांची टोकं दुकानातच शेजारीशेजारी पेटवून बघा. छापलेल्या आकड्यावर मुळीच विसंबू नका. खालच्या ओळींसाठी वेगळा डिमर लावायचं ठरवलं होतं, पण डिमरने उजेड कमी होईल, निळसरपणा जाणार नाही. हे लिहिता लिहिताच सुचलं: दोन्ही रिळांच्या ओळी एकाआड एक लावल्या तर? एवढा विखुरणारा तळ आता आहेच, रंगही आपोआप मिसळतील. वरच्या दोन-तीन ओळी एकाच रिळाच्या राहतील, पण तिथे सहसा काही लक्षात येत नाही. हेच करतो.

मग पीडब्ल्यूएम, म्हणजे एलईडी भराभर चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करण्याचं काम, पुढे ढकलतो. आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या 490 हर्ट्झवर फोनच्या व्हिडिओत रेघा सरकतात. 9 नंबरच्या पिनवर टायमर बदलून 31 किलोहर्ट्झ मिळतं, पण मग मॉसफेटला (पट्ट्या चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचला) नीट गेट ड्रायव्हर, म्हणजे तो स्विच झटपट चालवणारं सर्किट, द्यावा लागेल.

आधी ओळींची अदलाबदल. माझ्या प्रिझम शीटला एका कोपऱ्यात चुणी पडली आहे, तेव्हा कुणाकडे 32 इंची, न चुरगळलेलं शीट पडून असेल तर जरूर कळवा. कोथरूड ते हडपसर, कुठेही येऊन घेऊन जाईन.